वहिनीची खुंटीपाटी

आमच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संगणक विभागात, दुसऱ्या मजल्यावर, एक काचेचं कपाट आहे. त्यात वरच्या फळीवर एक पत्र्याचं खोकं ठेवलेलं आहे. खोक्याच्या फटीतून लाकडी पट्ट्यांची एक माळ बाहेर लोंबते. प्रत्येक पट्टीला आठ भोकं, आणि काही भोकांत बोटाच्या पेराएवढ्या खुंट्या. खाली पाटी आहे : ‘खुंटीपाटी. लहान मुलांना संगणकाला आज्ञा द्यायला शिकवणारं साधन. मूळ संकल्पना’ आणि पुढे माझं नाव. लिफ्टचं दार नेमकं त्या कपाटासमोर उघडतं. गुडघे गेले तरी मी पलीकडच्या जिन्यानं चढत राहिलो. सहकारी म्हणायचे, “कांबळे सर, लिफ्ट आहे की.” मी म्हणायचो, जिना चढणं तब्येतीला बरं. निवृत्त होईपर्यंत हेच सांगत आलो. त्या पाटीवरचं नाव चुकीचं आहे, आणि ते का चुकलं हे लिहिल्याशिवाय माझ्या मोठं होण्याची हकिगत पुरी होत नाही.

मोठं होणं म्हणतोय, पण वयानं मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. घरात मात्र सगळ्यांत लहान. आई-वडील गेल्यावर दादानं मला शिकवलं. तो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता, आणि त्याच्या हाताला डिझेलचा जो वास असायचा तो साबणानं जायचा नाही, त्यामुळं दादा घरात आला हे मला पुस्तकातून मान वर न करता कळायचं. कोल्हापुरात टेंबलाई टेकडीच्या खालच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, माझी पुस्तकं, आणि दुपारची झोपवलेली पुतणी प्रज्ञा. ती तेव्हा तीन वर्षांची होती. आतल्या खोलीत स्टो, भांडी आणि वहिनी. वहिनीचं नाव वत्सला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण मला ‘भावजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची, आणि त्या ‘तुम्ही’तूनच माझी यथेच्छ टिंगल करायची. “भावजी, इंजिनेर झालासा, आता तेवढी स्टोला पिन मारून दावा बघू.”

वहिनी कबनूरची. तिचे वडील इचलकरंजीच्या बाजूला मागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारे. आई लवकर गेली म्हणून सातवीतून वहिनीची शाळा सुटली आणि ती शेडमध्ये कांड्या भरायला लागली. शंभर मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडूनही ऐकू आलं नाही तर समोरच्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. वहिनी दोन्हींत पटाईत. तिची कुजबुज चार घरं ऐकायची. रंकाळ्यावर फिरायला गेलो की ती भेळ खाता खाता लांबच्या बाकावरच्या माणसांचं बोलणं आम्हाला सांगायची. “ती बाई म्हणतीया, तुमच्या आईला बोलायला तोंड न्हाय आणि माझ्यावर डाफरताय.” दादा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचा. म्हणायचा, “हिच्यासमोर मनातबी शिवी देता येत न्हाय रे.”

आमच्याकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. वहिनीही तसंच बोलायची. विद्यापीठात माझ्याबरोबर लागलेले दोघे-तिघे पुण्याकडचे होते. चहाच्या टेबलावर ते कोल्हापूरच्या बायकांची नक्कल करायचे, आणि मीही हसायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढं लागणार आहे.

विभागाचे प्रमुख इनामदार सर. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग, आणि डोक्यात सतत काहीतरी. त्यांनी ठरवलं की विद्यापीठानं नुसते इंजिनिअर काढत बसायचं नाही, नगरपालिकेच्या शाळेतल्या पोरांना संगणकाशी बोलायला शिकवायचं. रविवारी वीस मुलं आमच्या प्रयोगशाळेत यायची. चपला बाहेर, पाय पुसून आत. पडद्यावर आम्ही एक मुंगी केली होती. ‘पुढे’ म्हटलं की मुंगी एक पाऊल पुढे जाते, ‘वळ’ म्हटलं की वळते, आणि जाईल तिथं मागे रेघ उमटते. आज्ञा मराठीत केल्या, सर खूश झाले. पण मुलांना कळफलकावर ‘ढ’ शोधायलाच पाच मिनिटं लागायची. तेवढ्यात शेजारचा ‘ढ, ढ’ म्हणून चिडवायचा आणि मारामारी. त्याहून अवघड होतं ते ‘पुन्हा पुन्हा’. चार पावलं आणि एक वळण हे चारदा केलं की चौकोन होतो, तर ते चारदा लिहायचं नाही, ‘पुन्हा’ म्हणून सांगायचं, हे एकाही मुलाच्या गळी उतरेना. सहा रविवार मी फळ्यावर खडू झिजवला. सर नुसता चष्मा पुसत बसत. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, आणि ते चष्मा पुसायला लागले की मी फळा पुसायला लागायचो.

एका संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. हुलग्याचं माडगं होतं, बरोबर भाकरी आणि खर्डा. वहिनी तव्यावरची भाकरी उलटत ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे त्या मुंगीला कवा चालवायचं, कवा वळवायचं, हे आधीच सांगून ठिवायचं. व्हय न्हवं?”

“व्हय.”

“आणि तीच नक्षी परत परत.”

“व्हय की.”

“मग ही डॉबी हाय. पोरास्नी कशाला लिवायला लावताय?”

मी हसलो. दादा हसला नाही. तो म्हणाला, “ती काय म्हणतीया ते नीट ऐक.”

पुढच्या आठवड्यात वहिनी माहेरी जाऊन आली ती पिशवीत डॉबीची जुनी माळ घेऊनच. मागावर काठाची नक्षी विणायची असते तेव्हा ही माळ वर फिरत असते. एकेक पट्टी पुढं येते. जिथं खुंटी असेल तिथले दोरे उचलले जातात, नसेल तिथले खाली राहतात. सगळ्या पट्ट्या संपल्या की माळ गोल असल्यामुळं पहिली पट्टी पुन्हा येते. वहिनीनं ती माळ फरशीवर अंथरली, प्रज्ञाला मांडीवर घेतलं आणि दादाला म्हणाली, “अवं, उठा. तुम्ही मुंगी.”

“आता जेवलोय गं.”

“मुंगीबी जेवूनच चालती. उठा.”

पहिलं भोक म्हणजे पुढं, दुसरं म्हणजे उजवीकडं, तिसरं म्हणजे डावीकडं. तिनं भराभर खुंट्या ठोकल्या आणि एकेका पट्टीवर बोट ठेवून ओरडत गेली. दादा पुढं, पुढं, उजवीकडं. मग तिनं पाच पट्ट्या सोडवून त्यांची दोन टोकं दोरीनं बांधली, ती लहान माळ दोन्ही हातांच्या बोटांवर घेतली आणि फिरवत राहिली. दादा हातातल्या पानाच्या विड्यासकट खोलीत चौकोन घालायला लागला. एक, दोन, पाच, सात चौकोन. प्रज्ञा टाळ्या पिटत होती. “अगं थांबीव की, गरगराय लागलं,” दादा म्हणाला. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, “भावजी, हे तुमचं पुन्हा पुन्हा. टोकाला टोक बांदायचं. एवढंच.”

एवढंच. सहा रविवार, आणि एवढंच.

दुसरी गोष्ट तिनं त्याच संध्याकाळी सांगितली आणि तिच्यावर तर पुढं सगळं साधन उभं राहिलं. मी एक खुंटी मुद्दाम चुकवली आणि म्हणालो, आता हे बिघडलं, सगळं काढून पुन्हा लावू. तिनं माझा हात धरला. “माळ उसकायची न्हाय. आमचं बा म्हणायचं, कापडावर चूक दिसली की ती तिथं झालेली नसती, आधी झालेली असती. बोट ठेवायचं आणि एकेक पट्टी मागं मागं जायचं. घावली की तेवढीच खुंटी बदलायची.” आज हेच मोठमोठ्या पुस्तकांत मोठमोठ्या नावांनी लिहिलेलं वाचतो तेव्हा मला ती फरशी आठवते आणि दादाच्या विड्याचा वास येतो.

दादानं वर्कशॉपातल्या टाकाऊ पत्र्याचं खोकं करून दिलं. सायकलच्या तारांचे तुकडे वापरून मी आठ स्प्रिंगा बसवल्या. पट्टी आत सरकवली की खुंटीखालची स्प्रिंग दाबली जायची, तिथून वायर संगणकाला, आणि पडद्यावर मुंगी हलायची. ‘खुंटीपाटी’ हे नाव वहिनीचंच. पहिल्यांदा ते आमच्या गल्लीतल्या विहारात चाललं. रविवारी सकाळी वंदना झाली की मुलं तिथंच बसायची. सरांनी एक जुना संगणक मला घरी न्यायची परवानगी दिली होती. तो आम्ही हातगाडीवरून, गोधडीत गुंडाळून विहारात नेला. मी वायरी बघायचो आणि वहिनी शिकवायची. तिनं एक हजेरीपट आणला होता. खरं तर वहीच, पण तिनं रेघा मारून त्याचा हजेरीपट केला होता. ती उभी राहून एकेक नाव पुकारायची, मुलं ‘हजर बाई’ म्हणायची, आणि प्रत्येक ‘बाई’ला तिचा चेहरा असा व्हायचा की मी वायरीत तोंड घालायचो. तास संपल्यावर भडंग. ज्याची मुंगी घरी पोचली त्याला दोन मुठी, ज्याची चुकली पण चूक ज्यानं स्वतः शोधली त्याला तीन.

महिन्याभरात ती मुलं विद्यापीठात आली आणि सरांनी पाहिलं. एका मुलीनं माळेची टोकं बांधून मुंगीकडून फूल काढून घेतलं. सर चष्मा काढून तसेच उभे राहिले, पुसायचंही विसरले. त्यांना वाटलं, रविवारचा वर्ग मीच घेतो. मी तसं म्हणालो नव्हतो, पण तसं नाही असंही म्हणालो नाही. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, “कांबळे, विद्यापीठ मुलांचं कायमचं केंद्र काढतंय. शिकवणारं माणूस हवं. पदवीची अट मी घालणार नाही. पोरांना शिकवता आलं पाहिजे. असं कुणी तुमच्या बघण्यात असेल तर सांगा. उद्घाटनाला पाहुणे येतील तेव्हा त्यांच्यासमोर नाव सांगून टाकू.”

मी घरी येऊन ते सांगितलं. म्हणालो, “वहिनी, तुमचं नाव सांगणार.” स्टोवर दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं दादाकडून शाईचं पेन मागवून घेतलं आणि जुन्या वहीवर सही गिरवत बसली. पहिलीच सही तिनं मराठीत केली, मग इंग्रजीत करून बघितली, मग म्हणाली, “मराठीच बरी. आमच्या इनवर्सिटीत चालती न्हवं?” आमच्या. तेव्हापासून ती ‘आमची इनवर्सिटी’ म्हणायला लागली. भाजीवालीला, रॉकेलवाल्याला, बसमधल्या अनोळखी पावण्यांना, सगळ्यांना.

उद्घाटनाच्या दिवशी ती हिरवी इरकल नेसून आली, मुलांना घेऊन. सर जिन्यात भेटले. त्यांनी तिला नमस्कार केला आणि माझ्याकडं प्रश्नार्थक पाहिलं. बरोबरचे दोघे चहाच्या टेबलावरचे होते. वहिनी मोठ्यांदा म्हणाली, “पोरास्नी घेऊन मी वर जातो, भावजी.” त्या दोघांतल्या एकाची मिशी हलली. मी सरांना म्हणालो, “मुलांबरोबर आल्यात.” एवढंच म्हणालो.

भाषणं झाली. मुलं वर प्रयोगशाळेत तयारीत होती. व्यासपीठाच्या पायाशी पाहुण्यांनी सरांना विचारलं, सरांनी मला पुढं ओढलं. “कांबळे, हे विचारताहेत, ही पट्टीची कल्पना कुणाची? आणि मुलांना एवढं तयार कुणी केलं?” मला आजही तो क्षण ताणून मोठा करता येत नाही. फार लहान होता. पाहुण्यांचं हसरं तोंड, सरांच्या खिशावरचा डाग, आणि शेजारी ते दोघे. मी म्हणालो, “मीच, सर.”

कारण शोधत बसलो तर सापडतात. नोकरी कायम व्हायची होती. आमच्या घरातला विद्यापीठात शिकवणारा मी पहिला, आणि आमच्यासारख्याला दहा वेळा सिद्ध करावं लागतं, हे खरंच होतं. पण ते कारण इथं पुढं केलं तर माझी सुटका फार स्वस्तात होईल. इनामदार सर त्या उत्तरानं नाराज झाले नसते, आनंदानं नाचले असते. मला लाज वाटली ती सातवी शिकलेल्या, मोठ्यांदा ‘मी जातो’ म्हणणाऱ्या माझ्याच माणसाची. जिच्या हातचं खाऊन मी शिकलो तिची.

परतीच्या वाटेवर वहिनी काही बोलली नाही. केंद्रावर दोन आठवड्यांनी एका पदवीधर बाईंची नेमणूक झाली. बाई चांगल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही. माझी नोकरी कायम झाली. वहिनी ‘आमची इनवर्सिटी’ म्हणायची थांबली आणि ‘तुमची’ म्हणायला लागली. मला वाटलं, जागा मिळाली नाही म्हणून. विहारातला रविवारचा वर्ग मात्र तिनं पुढं कैक वर्षं चालवला, संगणक बंद पडल्यावरही, नुसत्या पट्ट्यांवर, एका मुलाला मुंगी करून. पुढं विद्यापीठानं खुंटीपाटीची सीडी काढली. पडद्यावरच रंगीत खुंट्या, हातात लाकूड नाही. ती शाळाशाळांत गेली. प्रज्ञा तेव्हा पाचवी-सहावीत असेल. तिनं शाळेतून पुस्तिका आणली आणि पहिलं पान मोठ्यांदा वाचलं, “मूळ संकल्पना, काका!” वहिनी वाढता वाढता म्हणाली, “बरं झालं. घरातलंच नाव हाय.” आणि माझ्या ताटात वांग्याची मोठी फोड टाकली.

इथवर मी लिहिलं होतं. विद्यापीठाला पत्रही तयार केलं होतं, की पाटीवरचं नाव बदला. दादा आता नाही. वहिनी प्रज्ञाकडं असते, साताऱ्याच्या रस्त्याला. शेडमधल्या खडखडाटाचं देणं म्हातारपणी निघालं, आणि तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र ती डब्यात ठेवते. गेल्या रविवारी मी कागद घेऊन गेलो, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि तोंड नीट हलवत सगळं वाचलं. तिची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. दादा मुंगी झाला तिथं ती हसली, पदर तोंडाला लावून. ‘मीच, सर’ आलं तिथं मी थांबलो. तिनं हातानं खूण केली, पुढं. मी पुढं वाचलं. ‘घरातलंच नाव हाय’ झालं, संपलं. मी कागद खाली ठेवले.

“चुकलंय,” ती म्हणाली.

“काय चुकलं, वहिनी?”

“मागं जावा.”

मी कागद पुन्हा उचलून सीडीचं वाचलं. तिनं मान हलवली. मागं. नेमणुकीचं वाचलं. मागं. तिचं बोट कागदावर नव्हतं, मांडीवर होतं, पण एकेक पट्टी मागं सरकत होतं. ‘परतीच्या वाटेवर वहिनी काही बोलली नाही.’ बोट थांबलं.

“मी बोललो हुतो.”

माझे कान तापले. तीस वर्षं मी ते वाक्य इतक्यांदा मनात असंच म्हटलं होतं की ते खरं झालं होतं.

“काय इचारलं हुतं मी?”

“विचारलं होतंत,” मी म्हणालो, “भावजी, माझं नाव घेतलंसा न्हवं?”

“आणि तुम्ही?”

“घेतलं की, म्हणालो. माईक बंद पडला होता, म्हणून तुम्हाला ऐकू गेलं नसेल.”

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. वहिनी माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, तिला चुकलेली पट्टी सापडली होती एवढंच.

“मी दारात उभा हुतो तवा,” ती म्हणाली. “पोरं वर कालवा कराय लागली म्हणून तुम्हास्नी बोलवाय खाली आलो हुतो. माईकला काय करायचंय? तोंड दिसत हुतं की तुमचं.”

रंकाळ्यावरचा तो लांबचा बाक माझ्या डोळ्यांपुढं आला. तीस वर्षांत मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग विचारलंत कशाला?”

“खुंटी बदलायला येळ दिला,” ती म्हणाली. “तुम्ही दुसरी ठोकली.”

मग मी कागद मांडीवर घेतले, फाडायला. म्हणालो, सगळं नव्यानं लिहितो. तिनं हात पुढं करून माझं मनगट धरलं, त्या फरशीवर धरलं होतं तसंच. पकड आता हलकी होती.

“माळ उसकायची न्हाय. हाय ते ऱ्हाऊ दे. तेवढंच घाला.” मग प्रज्ञाकडं वळून, चार घरं ऐकतील अशा आवाजात, “अगं, काकाला भाकरी टाक. आणि खर्डा काड, त्यास्नी लागतो.” पुन्हा ती खुर्चीत नीट बसली, चष्मा पुसून डोळ्यांवर घातला आणि माझ्या ओठांकडं बघायला लागली.

“हं,” ती म्हणाली. “आता घेतलंसा न्हवं नाव? परत म्हणा. माझ्याकडं तोंड करून.”

मी म्हटलं. वत्सला कांबळे. तिनं ते ओठांवरून वाचलं, आणि हळूच म्हणाली, “हजर.”